गुडघ्याची कळ, भाच्याचं कर्म आणि ‘बौद्ध’ हे नाव

प्रश्न : मी दहा महिने घरी रोज सकाळी २५ मिनिटं झाझेनला (जपानी झेन बौद्ध परंपरेतलं बैठं ध्यान) बसते आहे. चार महिन्यांपासून दर रविवारी एका गटातही जाते. वीस मिनिटांनंतर उजवा पाय बधिर होतो आणि डाव्या गुडघ्यात आतल्या बाजूला कळ येते. गटातले एक ज्येष्ठ साधक म्हणाले, “उठू नका, जुनं कर्म जळतंय.” माझ्या भाच्याला जन्मतः ऐकू येत नाही. त्याचा विषय निघाला तेव्हा तेच म्हणाले, “मागच्या जन्माचं असतं.” त्या दिवसापासून मन उडालंय. पुनर्जन्मावर माझा विश्वास नाही. मग मी करते ते झेन आहे की नुसता श्वासाचा व्यायाम? गटात पुढच्या वर्षी जुकाई (दीक्षेचा विधी) आहे, नाव देणार का असं विचारताहेत. आई विचारते, “तू आता बौद्ध झालीस का?” मला काय सांगावं ते कळत नाही. (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : आधी गुडघा. बाकीचे प्रश्न थांबू शकतात, तो नाही.

तुमची दोन दुखणी वेगवेगळी आहेत. पाय बधिर होतो तो बहुतेक वेळा उशीमुळे. झाफूवर, म्हणजे बैठकीच्या गोल भरीव उशीवर, पार मागे सरकून बसलं की तिची पुढची कड मांडीखाली रुतते, नस दबते आणि पावलाला मुंग्या येतात. उशीच्या फक्त पुढच्या एक तृतीयांश भागावर बसा. मांड्या उशीवरून खाली उतरल्या पाहिजेत, तिच्यावर पसरायला नकोत. दोन्ही गुडघे जमिनीला लागलेले हवेत आणि कंबर गुडघ्यांपेक्षा वर. गुडघे अधांतरी राहत असतील तर झाफूखाली ब्लँकेटची घडी घालून उंची दोन-दोन सेंटिमीटरने वाढवत न्या. एकच गुडघा वर राहत असेल तर त्याच्याखाली टॉवेलची घडी द्या. घंटा झाल्यावर बधिर पायावर कधीही उभं राहू नका, घोटे मुरगळतात ते याच वेळी. बाकीचे किनहिनला (दोन बैठकींमधलं संथ चालणं) उठले तरी तुम्ही पाय मोकळा करून, जाणीव परतल्यावर उठा. दहा मिनिटांनीही ती परतली नाही किंवा पाऊल वर उचलायला जड गेलं, तर डॉक्टरांना दाखवा आणि तोवर खुर्चीवर बसा.

आतली कळ मात्र सोसायचीच नाही. मांडी घालताना पाय खुब्यातून बाहेर वळावा लागतो. खुबा आखडलेला असला की जेवढं वळण कमी पडतं तेवढं गुडघ्याकडून वसूल होतं. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा दुमडणारा सांधा आहे, पीळ त्याला सोसत नाही. अर्धपद्मासनात बसत असाल तर ते काही महिने सोडा. बर्मी पद्धतीत दोन्ही पावलं जमिनीवरच एकापुढे एक राहतात, एकावर एक चढत नाहीत. तेही दुखलं तर खुर्ची घ्या. पुढच्या अर्ध्या भागावर, पाठ न टेकता, पावलं सपाट ठेवून बसायचं. तळहातांची मुद्रा आणि मीटरभर पुढे खाली ठेवलेली अर्धोन्मीलित नजर खुर्चीवरही तीच. जपानी झेन गुरू दोगेन (१२००–१२५३) यांनी ‘फुकानझाझेनगी’त पद्मासन आणि अर्धपद्मासन ही दोनच आसनं सांगितली आहेत हे खरं. पण त्याच छोट्या ग्रंथात त्यांनी झाझेनला ‘सुखाचं, स्वस्थतेचं धर्मद्वार’ म्हटलं आहे. गुडघ्याचा बळी देऊन त्या दारातून आत जाता येत नाही.

आता ‘कर्म जळतंय’. ध्यानगटांत हे वाक्य फार चालतं, कारण त्याने नवा साधक गप्प बसतो. वेदना सोसून जुनं कर्म झिजवायचं, ही कल्पना भारतीय श्रमण परंपरेत आहे. जैन दर्शनात तिला निर्जरा म्हणतात आणि तिथे तिची स्वतःची नीट मांडणी आहे. पण बुद्धाची शिकवण ती नव्हे. मज्झिम निकाय या पाली संग्रहातल्या देवदह सुत्तात तो निगंठ (जैन) तपस्व्यांना नेमकं हेच विचारतो : पूर्वी तुम्ही होता हे तुम्हाला माहीत आहे का? तेव्हा अमुक पाप केलं हे माहीत आहे का? त्यातलं एवढं दुःख झिजलं आणि एवढं उरलं, हे तरी माहीत आहे का? प्रत्येक प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असंच येतं. तुमच्या ज्येष्ठांना हे तीन प्रश्न विचारून पाहायला हरकत नाही. सौम्यपणे विचारा.

संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो : माणसाला जे जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, आपलं म्हणणं काय? बुद्ध आठ कारणं मोजून दाखवतो : पित्त, कफ, वात, तिन्हींचा सन्निपात, ऋतुबदल, विषम परिहार म्हणजे शरीराची चुकीची हाताळणी, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. सगळं पूर्वकर्मामुळेच म्हणणारे स्वतःला जे ठाऊक असू शकतं त्याच्याही पुढे जातात आणि जगात जे सत्य मानलं जातं त्याच्याही, असं तो स्पष्ट सांगतो. तुमच्या गुडघ्याचं निदान यादीत सहाव्या क्रमांकावर आहे.

भाच्याबद्दल जे बोललं गेलं ते चुकीचं होतं. ‘शब्द जरा कठोर होते’ एवढ्यावर ते सोडून देता येणार नाही, बौद्ध शिकवणीच्या कसोटीवरही ते उतरत नाही. कोणत्या कर्माचं कोणतं फळ कुणाला मिळालं, हा हिशेब अंगुत्तर निकायात चार ‘अचिंतनीय’ गोष्टींमध्ये धरला आहे. त्याच्या मागे लागणाऱ्याच्या वाट्याला वेड आणि मनस्तापच येतो, असा तिथे इशारा आहे. हा इशारा धुडकावला की काय होतं, हे सोतो या जपानी झेन शाखेच्या इतिहासातच पाहायला मिळतं. जपानमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या बुराकुमिनांना मंदिरांनी मृत्यूनंतर दिलेल्या धर्मनावांत हीनतादर्शक अक्षरं घातली, ती थडग्यांवर आणि नोंदवह्यांत कोरली-लिहिली गेली, आणि असा जन्म का मिळाला याचं उत्तर प्रवचनांतून ‘पूर्वकर्म’ असं दिलं गेलं. १९७९ मध्ये एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो संस्थेच्या तत्कालीन प्रमुखांनी असा भेदभाव जपानमध्ये नाहीच असं सांगितलं. त्यावर मोठा निषेध झाला. पुढे ते विधान मागे घ्यावं लागलं, आणि मग संस्थेने ती नावं शोधून बदलण्याचं आणि आपली कर्माविषयीची शिकवण तपासण्याचं काम हाती घेतलं.

झेन मंदिरांत म्हटला जाणारा क्षमापनेचा श्लोक या बाबतीत फार नेमका आहे. त्याचा आशय असा : माझ्याकडून आजवर घडलेली सगळी अकुशल कर्मं, अनादी लोभ-द्वेष-मोहातून आलेली, काया-वाचा-मनातून जन्मलेली, मी आता कबूल करतो. संपूर्ण श्लोकात ‘त्याची’ किंवा ‘तिची’ कर्मं कुठेच येत नाहीत. कर्म हा शब्द प्रथमपुरुषी एकवचनात वापरायचा. तृतीयपुरुषी वापरला की तो न्यायनिवाडा होतो.

आणि प्रथमपुरुषी म्हणजे तरी काय? आपल्याकडे संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे तीन शब्द इतके अंगवळणी पडलेत की कर्म म्हटलं की डोळ्यांपुढे खातेवही येते. बुद्धाची व्याख्या पाली भाषेत चार शब्दांची आहे : ‘चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि’. मी चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हणतो. ही चेतना पुस्तकापेक्षा उशीवर लवकर सापडते. बसल्यावर नाकाला खाज येते, ती झाली वेदना. लगेच ‘नको हे’ असं उमटतं. मग हात उचलायचा मनसुबा होतो. मग हात उचलला जातो. एरवी या चारही गोष्टी एकमेकींना चिकटून येतात आणि आपण नाक खाजवून मोकळे होतो. स्थिर बसलेल्या माणसाला दुसरी आणि तिसरी यांच्यातली फट दिसू लागते. त्या फटीत जे ठरतं ते कर्म. आईच्या प्रश्नाने कपाळावर आठी पडते आणि तोंडून तिरकस उत्तर निघतं, तिथेही हेच चार टप्पे असतात, फक्त वेग जास्त.

इथे सर्वांत जास्त घडणारी चूक अशी : फट दिसायला लागली की साधक बैठकीत हेतू दाबायला लागतो. खाज आली तरी हलायचं नाही, अशी पैजच. त्यातून ताठरपणा येतो, जबडा आवळतो, श्वास वर छातीत जातो, आणि घंटेनंतर घरातल्यांवर चिडचिड निघते. दाबण्याची गरज नसते. दिसलं, पाहिलं, श्वासाकडे परत. अगदीच असह्य झालं तर हात जोडून किंचित झुकायचं, सावकाश खाजवायचं, पुन्हा मुद्रा. पाहून केलेली हालचाल आणि आपोआप झालेली हालचाल यांच्यात फरक आहे, आणि तो फरकच शिकायचा आहे.

उशीबाहेरचा भाग राहुलाला केलेल्या उपदेशात आहे. (अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वरचेवर ऐकावेत म्हणून जे सात धर्मपाठ सुचवले त्यात हाही आहे, म्हणजे शिफारस बरीच जुनी.) बुद्ध मुलाला विचारतो, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसंच कायेचं, वाचेचं, मनाचं प्रत्येक कर्म तीनदा पाहायचं : करण्याआधी, करताना, केल्यानंतर. याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना त्रास होणार आहे का, होतो आहे का, झाला का? सगळीच कर्मं पाहायला गेलात तर दोन दिवसांत कंटाळून सोडून द्याल. दोन आठवडे फक्त वाणी घ्या, तीही एकाच नात्यातली. तुमच्या पत्रावरून आई हे नातं योग्य वाटतं. रात्री दोन ओळी लिहा : काय बोलले, बोलण्यामागे काय हवं होतं, दुसऱ्या दिवशी त्याचं काय झालं. सुरुवातीला फक्त ‘केल्यानंतर’चा आरसा चालतो. ‘करताना’चा पुष्कळ उशिरा येतो आणि ‘आधी’चा त्याहूनही. बोलून झाल्यावरच कळतं म्हणून निराश होऊ नका, क्रम तसाच आहे. चूक वाचेची असेल तर सुत्तात उपायही दिला आहे : जाणत्या माणसापाशी ती उघड बोलून दाखवायची आणि पुढे सावध राहायचं. स्वतःला कोसत बसायला सांगितलेलं नाही.

उलट दिशेचा धोकाही असतो. काही जण म्हणतात, झेन म्हणजे कर्माच्या पलीकडे जाणं, पाप-पुण्य या अडाण्यांच्या गोष्टी. त्यांच्यासाठी एक कोल्हा आहे. चिनी गुरू वूमेन हुइकाई यांनी १२२८ मध्ये ४८ कोआनांचा (गुरू-शिष्यांच्या कोड्यासारख्या गोष्टींचा) ‘मुमोनकान’ संग्रह केला, त्यातला हा दुसरा कोआन. बाइझांग (जपानीत ह्याकुजो) यांच्या प्रवचनाला एक म्हातारा येत असतो. तो सांगतो : फार पूर्वी याच डोंगरावर मी मठाधिपती होतो. एकाने विचारलं, महान साधना केलेला माणूस कार्यकारणात पडतो का? मी म्हणालो, पडत नाही. त्या उत्तरापायी पाचशे जन्म कोल्हा झालो. आता आपण उत्तर द्या. बाइझांग म्हणतात, तो कार्यकारणाकडे डोळेझाक करत नाही. म्हातारा सुटतो. पाचशे जन्मांवर विश्वास नसला तरी गोष्टीचा दात लागतोच : ‘मी पलीकडे गेलो’ म्हणणाराच जंगलात अडकला. दोगेन यांनी आपल्या ‘शोबोगेनझो’ या ग्रंथातल्या १२४४ च्या ‘दाइशुग्यो’ या प्रकरणात या दोन उत्तरांकडे बरंच गुंतागुंतीने पाहिलं. अखेरच्या काळातल्या ‘शिंजिन इंगा’त मात्र त्यांनी आडपडदा ठेवला नाही : ‘पडत नाही’ म्हणजे कार्यकारण नाकारणं, आणि ते चूक.

म्हणून आमचं मत स्पष्ट सांगतो. ‘बौद्ध’ हे नाव न लावता झेन करता येतं. कार्यकारण बाजूला ठेवून मात्र करता येत नाही.

पुनर्जन्माचं काय? ‘झेनमध्ये पुनर्जन्म नाहीच’ असं कुणी सांगितलं तर ते सोयीचं आहे, खरं नाही. दोगेन यांनी कर्माची फळं या जन्मात, पुढच्या जन्मात आणि त्यानंतरच्या जन्मांत मिळतात, असं तीन काळांचं सविस्तर विवेचन केलं आहे. तुम्हाला ते पटलेलं नाही, तर पटल्याचं सोंग करू नका आणि खोडून काढायचीही घाई नको. कालाम नावाच्या लोकांना बुद्धाने जी आश्वासनं दिली त्यातली पहिली दोन तुमच्यासाठीच आहेत असं समजा : परलोक असेल तर द्वेषरहित मनाच्या माणसाचं तिथे भलं होईल, नसेल तर तो इथेच, याच जन्मी, निर्वैर आणि सुखी राहील. प्रश्न उघडा ठेवूनही चालता येतं.

‘नुसता श्वासाचा व्यायाम’ ही शंका मनाला लावून घेऊ नका. एक ते दहा उच्छ्वास मोजणं आणि चुकलं की पुन्हा एकवर येणं ही झेनमधली रीतसर साधना आहे. चिनी आचार्य गुइफेंग झोंगमी (७८०–८४१) यांनी ध्यानाचे पाच प्रकार केले. त्यातला दुसरा, ‘सामान्यजनांचं ध्यान’, असा : कार्यकारणावर नीट श्रद्धा आहे, पण हे हवं-ते नको या ओढीने बसणं चालू आहे. म्हणजे झोंगमींच्या मते कार्यकारणाची श्रद्धा हा अगदी खालचा, सामान्य माणसाचा पाया आहे. विसाव्या शतकात काही जपानी गुरूंनी हाच प्रकार ‘आरोग्यासाठीचं ध्यान’ म्हणून शिकवला आणि मूळ व्याख्येतला कार्यकारणाचा भाग मागे पडला. तुमच्या शंकेचं मूळ कदाचित तिथे असेल. तुम्ही कुठे आहात हे ठरवायला विश्वासांची यादी लागत नाही. वर सांगितलेल्या दोन ओळी रात्री लिहिता का, एवढं पाहा.

आता नाव. दोगेन यांनी १२४३ च्या ‘बुत्सुदो’ या प्रकरणात ‘झेन पंथ’ या नावावरच कडक टीका केली आहे. बुद्धांचा मार्ग एकच, त्याला वेगळं पंथाचं नाव देणाऱ्यांना मार्ग कळलेला नाही, असा त्यांचा रोख. ज्यांना आज जपानी सोतो झेनचे संस्थापक म्हणतात, त्यांचं हे म्हणणं! दुसरीकडे ह्यूगो एनोमिया-लासाल (१८९८–१९९०) हे जर्मन जेझुइट धर्मगुरू हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचले, जपानी गुरूंकडे अनेक वर्षं झेन शिकले, पुढे इतरांना शिकवू लागले आणि अखेरपर्यंत कॅथलिक धर्मगुरूच राहिले. तेव्हा बसण्यासाठी नाव लागत नाही.

पण ‘मी नावांच्या पलीकडची’ हेही एक नावच आहे, आणि ते जास्त चकाकतं. त्याने साधकाला आवडेल तेवढं उचलायची मुभा मिळते : शांतता घ्यायची, शीलं सोडायची. घाईने नाव लावण्याचा तोटा वेगळा. घरात पारिभाषिक शब्द येतात, कुणी बुद्धाबद्दल काही बोललं की आपल्यालाच लागतं, इतरांच्या पूजेअर्चेकडे पाहून ओठ मुडपले जातात. दहा महाशीलांपैकी सातवं, स्वतःची थोरवी गाऊन दुसऱ्याला खाली न दाखवणं, ते अशा वेळी आधी मोडतं. हा शब्द अनेक समाजांत जन्माशी, बिरादरीशी, कायद्याने होणाऱ्या नोंदीशीही बांधलेला असतो, म्हणून तो हलक्या हाताने उचलू नये आणि हलक्या हाताने टाकूही नये. सरकारी फॉर्मवर जे वस्तुस्थितीला धरून असेल ते लिहा. फॉर्म भरणं म्हणजे दीक्षा नव्हे.

आईला नाम नको, क्रियापद द्या : “मी रोज सकाळी पंचवीस मिनिटं शांत बसते. दीक्षा घेतलेली नाही. घ्यायचं ठरलं तर आधी तुला सांगेन.” तिच्या प्रश्नामागे तत्त्वज्ञान असण्यापेक्षा ‘तू आमच्यातून जातेस का’ ही धास्ती असण्याची शक्यता जास्त. शेवटचं वाक्य त्यासाठी आहे, ते गाळू नका.

जुकाई म्हणजे शीलं स्वीकारण्याचा विधी. सोतो परंपरेत ती सोळा आहेत : तीन शरणं, तीन शुद्ध शीलं (अकुशल टाळणं, कुशल करणं, सर्व जीवांचं हित साधणं) आणि दहा महाशीलं. गुरू धर्मनाव देतात, बुद्धापासून तुमच्यापर्यंतची वंशावळ लिहिलेला कागद देतात, आणि गळ्यात घालायचा राकुसु (छातीवर येणारं छोटं शिवलेलं वस्त्र) देतात. बऱ्याच गटांत तो साधकाने स्वतः हाताने शिवायचा असतो, काही ठिकाणी प्रत्येक टाक्याला शरणवचन म्हणत. काही महिने सहज जातात, आणि उसवून पुन्हा शिवताना आपला स्वभाव चांगलाच कळतो. विधीत पुनर्जन्म मानण्याची शपथ नाही. शीलं पाळण्याचा संकल्प मात्र आहे आणि तो खोटा करता येत नाही. तेव्हा आधी सोळा शीलं मिळवून वाचा आणि ज्याच्यावर मन अडखळतं त्याच्याखाली रेघ मारा.

नाव देण्याआधी गटाच्या गुरूंची एकट्याने भेट मागा. त्या ज्येष्ठांशी वाद घालण्यापेक्षा हे बरं. तीन गोष्टी विचारा. दुखत असताना खुर्ची घेतली तर चालेल का? पुनर्जन्माचा प्रश्न उघडा ठेवून जुकाई घेता येईल का? आणि एखाद्या मुलाच्या बहिरेपणाला पूर्वकर्म म्हणणं ही या गटाची शिकवण आहे का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं किंवा विषय बदलला गेला, तर दुसरा गट शोधा. ‘नाही’ असं सरळ उत्तर आलं तरी यंदा नाव द्यायलाच हवं असं नाही, जुकाई पुन्हा होतच असते. तोवर झाफूखालची घडी वाढवा आणि बैठक २५ वरून १५ मिनिटांवर आणा. गुडघा तीन आठवडे शांत राहिला की मिनिटं परत वाढवा.